लाल दिवा खरा की खोटा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सोसायटीच्या आवारात उभ्या असलेल्या एखाद्या मोटारीचा चोरीचा भोंगा मध्यरात्री केकाटू लागतो. पहिल्या रात्री चार खिडक्यांत दिवे लागतात, वॉचमन काठी घेऊन धावतो. पाहतो तर मांजराने बॉनेटवर उडी मारलेली असते. आठवडाभर असेच घडले की मग कुणी उठत नाही. फार तर कूस बदलतात. भोंगा पूर्वीइतक्याच जोरात वाजत असतो, पण त्याच्यावरचा लोकांचा विश्वास उडालेला असतो. आणि विश्वास उडालेला भोंगा असून नसल्यासारखाच.

संगणकाच्या जगातही असे भोंगे आहेत. आपण रोज वापरतो ती सॉफ्टवेअर सुरक्षित राहावीत म्हणून ते बसवलेले असतात. ते खोटे वाजू लागले तर काय होते, याविषयी आज थोडे बोलू.

आधी 'ओपन सोर्स' म्हणजे काय ते पाहू. एखाद्या प्रोग्रामची मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मजकूर, सर्वांसाठी खुला ठेवायचा. कुणीही तो वाचावा, त्यात सुधारणा सुचवावी, असा हा प्रकार. नेटस्केप कंपनीने १९९८ साली आपल्या ब्राउझरची संहिता अशी खुली केली. त्यातून मोझिला हा प्रकल्प उभा राहिला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये 'फायरफॉक्स'ची पहिली पूर्ण आवृत्ती आली. हा ब्राउझर मराठीतूनही मिळतो. आज इंटरनेटचा फार मोठा भाग अशाच खुल्या सॉफ्टवेअरवर उभा आहे.

आता अडचण बघा. एका मोठ्या प्रकल्पात जगभरचे शेकडो लोक एकाच वेळी काम करतात. कुणी पगारी, कुणी हौशी. एकमेकांना त्यांनी पाहिलेलेही नसते. एकाने दार बदलले, दुसऱ्याने त्याच वेळी चौकट बदलली. दोघांचेही काम आपापल्या जागी चोख, पण एकत्र आणले की दार लागत नाही. पूर्वी असे महिनोन्‌महिने वेगवेगळे काम करून शेवटी सगळे जोडायला घेत. आणि त्या जोडणीतच आणखी कित्येक आठवडे जात.

यावर उपाय निघाला तो असा, की जोडणी शेवटी न करता रोज करायची, दिवसातून अनेकदा करायची. अमेरिकेतील केंट बेक यांनी १९९९ सालच्या आपल्या पुस्तकातून या पद्धतीचा आग्रह धरला. मार्टिन फाउलर यांनी २००० साली एका सहकाऱ्याबरोबर तिच्यावर लेख लिहिला आणि ती सर्वदूर पोहोचली. तिला 'कंटिन्युअस इंटिग्रेशन' म्हणतात. आपण तिला 'अखंड जोडणी' म्हणू.

तिचे काम असे चालते. प्रोग्रामरने आपली दुरुस्ती पाठवली की एक संगणक ती आपोआप उचलतो, मूळ संहितेत मिसळतो, संपूर्ण प्रोग्राम नव्याने तयार करतो आणि मग त्याच्यावर एकामागून एक चाचण्या चालवतो. या चाचण्या म्हणजेही छोटे छोटे प्रोग्रामच. 'हे बटन दाबल्यावर ती खिडकी उघडते का?', 'चुकीचा पासवर्ड दिला तर नकार मिळतो का?' असे हजारो प्रश्न. सगळ्यांची उत्तरे बरोबर आली तर हिरवी खूण, एकही चुकले तर लाल. मोझिलाच्या फलकावर मुख्य रंग तीन आहेत. सगळे ठीक असेल तर हिरवा, प्रोग्राम तयारच झाला नाही तर लाल, आणि तयार झाला पण एखादी चाचणी नापास झाली तर नारिंगी.

इथवर सारे छान आहे. ओपन सोर्स प्रकल्पात तर या खुणेचे महत्त्व फारच मोठे. अनोळखी माणसाची दुरुस्ती घ्यायची की नाही हे ठरवताना प्रकल्प सांभाळणाऱ्याला पहिला आधार असतो तो या हिरव्या खुणेचा.

पण काही चाचण्या लहरी निघतात. इंग्रजीत त्यांना 'फ्लेकी' म्हणतात. संहितेत एका अक्षराचाही बदल नाही, चाचणी तीच, यंत्रही तसेच. सकाळी चालवली तर पास, दुपारी नापास, संध्याकाळी पुन्हा पास. पगारवाढीच्या अर्जावर साहेबाचा मूड पाहून सही व्हावी, तसा हा निकाल. त्यामुळे लाल खूण दिसली की प्रश्न पडतो, की माझी दुरुस्ती चुकली की चाचणीची आज लहर फिरली?

यंत्राला लहर कशी असेल, असे तुम्ही विचाराल. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली नेमके हेच शोधले. अपाची या संस्थेच्या छत्राखालील ५१ ओपन सोर्स प्रकल्पांत लहरी चाचण्या दुरुस्त करण्यासाठी केलेले २०१ बदल त्यांनी तपासले. ज्यांचे कारण निश्चित करता आले, त्यांची विभागणी मोठी बोलकी आहे.

सुमारे ४५ टक्के चाचण्यांचे दुखणे होते वाट पाहण्याचे. कुकर लावला की आपण शिट्ट्या मोजतो. आता समजा, कुणी शिट्ट्या न मोजता घड्याळ लावून बरोबर दहा मिनिटांनी गॅस बंद करू लागला. बहुतेक दिवशी भात शिजेल. पण गॅसचा दाब कमी असला, तांदूळ जुना असला, की त्या दिवशी भात कच्चा. चाचणीतही असेच होते. लिहिणाऱ्याने ठरवलेले असते, की सर्व्हरला विनंती पाठवा, दोन सेकंद थांबा, मग उत्तर तपासा. यंत्र मोकळे असेल तेव्हा दोन सेकंद पुरतात. त्याच्यावर इतर कामांचा बोजा असेल तेव्हा पुरत नाहीत आणि चाचणी नापास होते. उपाय म्हणजे घड्याळ सोडून शिट्टीची वाट पाहणे, 'काम झाले' असा संकेत येईपर्यंत थांबणे.

सुमारे २० टक्के चाचण्यांचे कारण म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांची टक्कर. पती-पत्नीच्या संयुक्त खात्यात हजार रुपये आहेत. दोघांनी एकाच क्षणी दोन वेगळ्या खिडक्यांवर आठशे रुपये मागितले. दोन्ही कारकुनांनी खातेवही पाहिली, दोघांनाही हजार दिसले, दोघांनीही पैसे दिले. एक कारकून अर्धा मिनिट मागे असता तर हा घोळ झाला नसता. संगणकात असे दोन कारकून सेकंदाच्या लक्षांश भागाने पुढेमागे होत असतात. म्हणून चूक शंभरात एकदा दिसते, नव्व्याण्णव वेळा दिसत नाही.

सुमारे १२ टक्के चाचण्या क्रमावर अवलंबून होत्या. आधीच्या तासाच्या मास्तरांनी फळा न पुसता वर्ग सोडला तर पुढच्या तासाला गोंधळ होणारच. एका चाचणीने मागे ठेवलेली फाइल किंवा बदललेली सेटिंग दुसरीला नडते. क्रम बदलला की निकाल बदलतो.

उरलेल्यांत नेटवर्कची गडबड, तारखा, वेळा, यादृच्छिक आकडे असे बरेच काही येते. जगातल्या वेळांमध्ये पूर्ण तासांचाच फरक असतो असे गृहीत धरून कुणी चाचणी लिहिली, तर आपल्या साडेपाच तासांच्या भारतीय प्रमाणवेळेवर ठेवलेल्या यंत्रात ती अडखळू शकते.

'एखादी चाचणी हजारात एकदा चुकली तर काय बिघडते?' असे वाटणे स्वाभाविक आहे. पण इथे गणित आपल्या अंदाजाला फसवते. समजा, प्रकल्पात हजार चाचण्या आहेत आणि प्रत्येक चाचणी हजारात फक्त एकदा विनाकारण नापास होते. मग सगळ्या चाचण्या एका फेरीत पास होण्याची शक्यता किती? शंभरात अवघी सदतीस. म्हणजे प्रोग्राम निर्दोष असूनही शंभरातल्या त्रेसष्ट फेऱ्यांत लाल खूण येणार. चाचण्या दहापट भरवशाच्या केल्या, दहा हजारांत एकदाच चुकतील अशा, तरी शंभरातल्या नऊ-दहा फेऱ्या खोट्या लाल निघतील. मोठ्या प्रकल्पांत चाचण्या हजारावर थांबत नाहीत. शिवाय त्या विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड अशा वेगवेगळ्या ठिकाणी चालवाव्या लागतात.

हे कागदावरचे गणित नव्हे. गूगल कंपनीने २०१६ साली आपले आकडे जाहीर केले होते. तिच्याकडे चाचण्यांच्या एकूण फेऱ्यांपैकी सुमारे दीड टक्का फेऱ्यांचा निकाल लहरी निघत होता. सुमारे १६ टक्के चाचण्यांत थोडाफार लहरीपणा होता. आणि आधी पास होणारी चाचणी नापास झाल्याच्या प्रसंगांपैकी सुमारे ८४ टक्के प्रसंगांत लहरी चाचणीचा हात होता. म्हणजे नवा भोंगा वाजला की बहुतेक वेळा ते मांजरच असे. इतका पैसा आणि इतके निष्णात अभियंते असलेल्या कंपनीची ही कथा. मग स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या प्रकल्पाची काय अवस्था होत असेल?

तिथे लोक सोपा मार्ग धरतात. पुन्हा चालवा. 'कुबरनेटीस' नावाचा एक प्रचंड ओपन सोर्स प्रकल्प आहे. गूगलने २०१४ साली तो खुला केला. मोठमोठ्या संगणक-केंद्रांत शेकडो यंत्रांवर पसरलेले प्रोग्राम सांभाळणे हे त्याचे काम. तिथे नापास झालेल्या चाचण्या पुन्हा चालवायच्या असतील तर दुरुस्तीखाली 'रीटेस्ट' एवढा एकच शब्द लिहिण्याची सोय आहे. सोय चांगली आहे, गरजेचीही आहे. पण सोयीची सवय होते. लाल दिसले की कारण न वाचताच माणूस तो शब्द लिहून मोकळा होतो. दोनदा, तीनदा लिहितो. कधीतरी हिरवे होतेच.

यात खर्च आहे तो विजेचा, यंत्रांचा आणि वेळेचा. पण त्याहून मोठी हानी होते ती नवख्या माणसाची. पुण्यातल्या किंवा नांदेडच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी चार रात्री जागून आपली पहिली दुरुस्ती पाठवतो. तासाभराने तिच्यापुढे लाल फुली येते. प्रकल्पातल्या जुन्या माणसांना माहीत असते, की ही चाचणी नेहमीचीच, दुर्लक्ष करा. या मुलाला ते कसे कळावे? तो आपलीच चूक शोधत बसतो. नसलेली चूक सापडत नाही आणि पुष्कळदा तो गुपचूप निघून जातो. जो टिकतो, तोही पहिला धडा शिकतो तो हाच, की लाल खुणेकडे फार लक्ष द्यायचे नसते. ओपन सोर्सची सारी भिस्त नव्या माणसांवर असते. त्यांना पहिल्याच दिवशी हा धडा मिळावा, ही काही चांगली गोष्ट नव्हे.

तरीही कुणी म्हणेल, की पुन्हा चालवल्यावर पास झाली ना, मग बिघडले काय? याचे उत्तर ओपन सोर्सच्या बाहेरच्या एका जुन्या घटनेत मिळते. ही घटना अखंड जोडणीची पद्धत येण्याच्याही आधीची आहे. थेरॅक-२५ नावाचे कर्करोगावर किरणोपचार करणारे, संगणकाने चालणारे एक यंत्र होते. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्या यंत्राने सहा रुग्णांना भयंकर प्रमाणात किरणांचा मारा दिला. त्यातले काही दगावले. टेक्सास राज्यातील टायलर या गावी मार्च १९८६ मध्ये उपचार चालू असताना पडद्यावर 'मालफंक्शन ५४' असा संदेश आला. ते यंत्र बारीकसारीक कारणांनी वारंवार अडत असे, त्यामुळे चालवणारीला अशा संदेशांची सवय होती. तिने 'पुढे चालू'ची कळ दाबली. रुग्णाला दुसऱ्यांदा मारा बसला.

यानंतर जे घडले ते आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. कंपनीच्या अभियंत्यांनी येऊन दिवसभर यंत्र तपासले. दोष पुन्हा दिसला नाही. ७ एप्रिलला यंत्र पुन्हा कामाला लागले आणि ११ एप्रिलला दुसऱ्या रुग्णावर तोच प्रसंग ओढवला. शेवटी त्या रुग्णालयातील भौतिकतज्ज्ञ आणि यंत्र चालवणारी, अशा दोघांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न करून कोडे सोडवले. भरलेली माहिती फार जलद, आठ सेकंदांच्या आत, दुरुस्त केली तरच दोष प्रकट होई. सरावलेल्या हातांनाच तो वेग साधत होता. पाहणीला आलेल्यांचे हात सावकाश चालत होते, म्हणून त्यांच्यापुढे यंत्र पास होत होते.

दोन कारकुनांचे आपले उदाहरण आठवा. हा दोष त्याच जातीचा होता. म्हणजे 'कधी कधी नापास होते' याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, चाचणी कच्ची आहे. दुसरा, प्रोग्रामच कच्चा आहे आणि चाचणी खरे बोलते आहे. बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात. समजा, एक खरा दोष तीनात एकदा दिसतो. आपण नियम केला, की तीन प्रयत्नांत एकदा पास झाली तरी पास. मग तो दोष पकडला जायला तिन्ही वेळा नापास व्हावे लागेल, म्हणजे सत्तावीसात एकदा. आपणच आपल्या चाळणीची भोके मोठी केली, असा त्याचा अर्थ.

मग करायचे काय? या बाबतीत ओपन सोर्स प्रकल्पांनी चांगले उपाय शोधले आहेत, आणि तेही उघड्यावर, सर्वांना शिकता येतील असे.

पहिला उपाय नोंदीचा. मोझिलाने चाचण्यांच्या फलकावर नजर ठेवण्यासाठी माणसे नेमली. त्यांना 'शेरीफ' म्हणतात. हे मुंबईच्या नगरपालांसारखे समारंभापुरते पद नव्हे. जुन्या अमेरिकी गावातला कायदा सांभाळणारा शेरीफ इथे अभिप्रेत आहे. नारिंगी खूण आली की ती कुणाच्या नव्या दुरुस्तीमुळे आली की जुनीच लहर आहे, हे ते पाहतात. दुरुस्तीचा दोष असेल तर ती मागे घेतात. लहर असेल तर तिची क्रमांकासह नोंद करतात आणि पुढच्या प्रत्येक वेळी त्याच क्रमांकापुढे भर घालतात. त्यामुळे कोणती चाचणी किती त्रास देते हे आकड्यांत दिसते आणि आधी कुणाला धरायचे ते ठरते. 'पुन्हा चालवा' ही पळवाट तेव्हाच ठरते, जेव्हा मागे नोंद राहत नाही.

दुसरा उपाय, दारातच पारख. नवी चाचणी एकदा पास झाली म्हणून घ्यायची नाही. ती मुद्दाम अनेक वेळा चालवायची. वीस वेळांत एकदाही अडखळली तर लिहिणाऱ्याला परत. लिहिणाऱ्याच्या डोक्यात सारे ताजे असते तेव्हा दुरुस्ती तासाभराची. तीच दोन वर्षांनी दुसऱ्याने करायची तर आठवडा जातो.

तिसरा उपाय वेगळे ठेवण्याचा. साथीच्या रोग्याला जसे निराळ्या वॉर्डात ठेवतात, तशी लहरी चाचणी मुख्य रांगेतून बाजूला काढायची. फाउलर यांनी २०११ साली हा मार्ग सुचवला, पण पथ्यासह. त्या वॉर्डात किती जणांना आणि किती दिवस ठेवायचे याची मर्यादा हवी. नाहीतर तो वॉर्ड म्हणजे अडगळीची खोली होते आणि त्या चाचण्या ज्यावर पहारा देत होत्या ती जागा उघडी पडते.

चौथा उपाय मला सर्वांत कल्पक वाटतो. लहरी दोषाचे खरे दुखणे हे, की तपासायला बसावे तर तो दिसत नाही. रॉबर्ट ओ'कॅलाहन आणि मोझिलातील त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी 'आरआर' नावाचे साधन तयार केले आणि २०१४ साली ते खुले केले. क्रिकेटमध्ये तिसरा पंच जसा धावबादचा क्षण पुन्हा पुन्हा, मागे-पुढे करून पाहतो, तसेच हे. चाचणी चालताना यंत्रात काय काय घडले याची हे साधन नोंद ठेवते. शंभरात एकदा का होईना, नापास होणारी फेरी एकदा नोंदवली गेली की ती पुढे हवी तितक्या वेळा जशीच्या तशी चालवता येते. २०१६ साली त्यात आणखी एक सोय आली. यंत्रातल्या कामांचा क्रम मुद्दाम विस्कटायचा, म्हणजे लपलेला दोष लवकर बाहेर येतो. टायलरच्या त्या दोघांनी हातांनी जे केले, ते आता प्रोग्राम करू शकतो.

हे सारे उपाय असूनही लहरी चाचण्या संपलेल्या नाहीत, आणि मोठ्या प्रकल्पांत त्या कधी पूर्णपणे संपतील असे वाटत नाही. नवे काम होते तशा नव्या लहरीही येतात. गटार साफ करण्यासारखे हे काम आहे. केले तर कुणाच्या लक्षात येत नाही, न केले तर सगळ्यांच्या येते. नवी सोय बनवणाऱ्याचे नाव होते. जुनी चाचणी भरवशाची करणाऱ्याचे क्वचितच होते. पगारी कचेरीत हे काम कुणावर तरी सोपवता येते. स्वयंसेवकांच्या प्रकल्पात ते कुणीतरी आपणहून उचलावे लागते.

म्हणून ओपन सोर्समध्ये उतरू पाहणाऱ्या आपल्याकडच्या तरुण-तरुणींना एक सुचवावेसे वाटते. पहिले काम म्हणून मोठी नवी सोय बनवण्याच्या मागे लागू नका. प्रकल्पाच्या नोंदींत लहरी म्हणून खूण केलेली एखादी चाचणी शोधा आणि ती का अडखळते याच्या मुळाशी जा. ती घड्याळावर विसंबली आहे की फळा पुसायला विसरली आहे, की प्रोग्राममध्येच दोन कारकून भांडत आहेत, हे पाहा. त्या निमित्ताने प्रकल्पाची आतली रचना कळेल, जुन्या मंडळींशी ओळख होईल, आणि तुमच्यामागून येणाऱ्या नवख्याला लाल खूण दिसेल तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवता येईल.